‘अ‍ॅलर्जी’ या शब्दाचा धनी : क्लेमेन्स फॉन पिर्के

वैद्यकशास्त्रातले काही शब्द दवाखान्याची पायरी ओलांडून थेट घराघरांत शिरतात आणि मग ते कुणी, केव्हा आणि कशासाठी घडवले याची आठवणही राहत नाही. ‘अ‍ॅलर्जी’ हा असाच एक शब्द आहे. धुळीची अ‍ॅलर्जी, कोळंबीची अ‍ॅलर्जी, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी इथपासून राजकारणाची किंवा पाहुण्यांची अ‍ॅलर्जी इथपर्यंत मराठी माणूस हा शब्द इतक्या सहजपणे वापरतो, की तो परका आहे हे सांगूनही खरे वाटू नये. पण या शब्दाला जन्मतारीख आहे आणि जन्मदाताही आहे. २४ जुलै १९०६ रोजी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होता व्हिएन्नामधील ३२ वर्षांचा एक बालरोगतज्ज्ञ, क्लेमेन्स फॉन पिर्के. त्या दोन पानांत त्याने जगाला ‘अ‍ॅलर्जी’ आणि ‘अ‍ॅलर्जेन’ हे दोन शब्द दिले. त्यामागचा विचार मात्र त्या काळाला पेलवला नाही, आणि आजही आपण तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने वापरत नाही.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन या गावी एका उमराव घराण्यात झाला. वडील पीटर फॉन पिर्के हे जमीनदार आणि ऑस्ट्रियाच्या संसदेचे सदस्य. आई फ्लोरा ही व्हिएन्नातील एका नामांकित सराफी पेढीच्या घराण्यातली आणि अत्यंत धर्मनिष्ठ कॅथलिक. मुलाने धर्मसेवेत जावे, ही घरातली अपेक्षा. त्यानुसार क्लेमेन्स प्रथम इन्सब्रुकच्या विद्यापीठात ईश्वरविद्या शिकला, त्यानंतर बेल्जियममधील लूव्हां येथे त्याने तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले. परंतु मन तिथे रमले नाही. अखेर त्याने वैद्यकाचा मार्ग धरला आणि व्हिएन्ना, क्योनिग्जबर्ग असा प्रवास करीत १९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळवली. त्याचा धाकटा भाऊ गीडो पुढे अंतराळप्रवासाच्या मार्गांचे गणित मांडणारा अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाला. प्रचलित चौकटीबाहेर पाहण्याची सवय दोन्ही भावांना होती, असेच म्हणावे लागेल.

ग्राझ येथे पिर्के यांना गुरू लाभले ते थिओडोर एशेरिश. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या ज्या जीवाणूला आज ‘ई. कोलाय’ म्हणतात, त्याचा शोध लावणारे हेच एशेरिश. १९०२ मध्ये ते व्हिएन्नाला बालरोग विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी जमली, त्यांत पिर्के होते आणि त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला, हंगेरीतून आलेला बेला शिक हाही होता. या दोघांची मैत्री वैद्यकाच्या इतिहासातील एक फलदायी मैत्री ठरली.

तो काळ घोड्याच्या सीरमचा होता. घटसर्पाने युरोपात दरवर्षी हजारो मुले गुदमरून मरत असत. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार झाला की त्या रक्तातील पेशी व गुठळ्या वगळून उरणारा पातळ भाग, म्हणजे सीरम, काढायचा आणि तो आजारी मुलाला टोचायचा, ही पद्धत १८९० च्या दशकात रूढ झाली. मरणाच्या दारातून मुले परत येऊ लागली. घटसर्पापाठोपाठ स्कार्लेट फीव्हर या तापावरही तसेच सीरम निघाले. व्हिएन्नात पॉल मोझर यांनी तयार केलेले हे सीरम बरेच मोठ्या प्रमाणात, कधी कधी २०० मिलिलिटरपर्यंत, टोचावे लागे.

पण या जीवदानाला एक विचित्र किंमत मोजावी लागत होती. सीरम टोचल्यानंतर मूल सुधारायला लागे आणि आठ-दहा दिवसांनी अचानक त्याला ताप भरे, अंगभर गांधी उठत, सांधे सुजत, गाठी वाढत. बहुतेक मुले काही दिवसांत सावरत. डॉक्टर या प्रकाराकडे औषधाचा किरकोळ उपद्रव म्हणून पाहत. कुणी म्हणे सीरम नीट तयार झाले नसेल, कुणी म्हणे मुलाची प्रकृतीच नाजूक. पिर्के आणि शिक यांनी मात्र या उपद्रवाचे दिवस मोजायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेशी लावलेल्या ताप-तक्त्यांचा हा अभ्यास होता. त्यासाठी कुठलीही महागडी यंत्रसामग्री लागली नाही.

त्यांच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी, की पहिल्यांदा सीरम टोचलेल्या मुलांत हा त्रास साधारण आठ ते बारा दिवसांनीच सुरू होतो. दुसरी गोष्ट अधिक बुचकळ्यात टाकणारी होती. ज्या मुलांना काही आठवड्यांपूर्वी किंवा महिन्यांपूर्वी एकदा सीरम मिळालेले असे, त्यांना ते पुन्हा टोचले तर बारा दिवस थांबावे लागत नसे. त्रास त्याच दिवशी, कधी काही तासांत, कधी मिनिटांतही सुरू होई. औषध तेच, घोडाही तोच, मात्रा तितकीच. बदलले होते ते मूल.

इथे पिर्के यांनी जो तर्क लढवला, तो साधा दिसत असला तरी त्या काळाच्या समजुतीला धक्का देणारा होता. गोवर, देवी यांसारख्या रोगांत संसर्गानंतर काही दिवस काहीच घडत नाही आणि मग अचानक रोग प्रकट होतो. या मधल्या काळाला अधिशयनकाळ म्हणतात. तोवर सर्वांची समजूत अशी होती, की या काळात जंतू शरीरात वाढत असतात आणि त्यांची संख्या पुरेशी झाली की रोग दिसू लागतो. पण घोड्याचे सीरम हे काही जिवंत जंतू नव्हे. ते शरीरात वाढत नाही, उलट दिवसेंदिवस कमीच होत जाते. तरीही त्याच्या त्रासाला आठ-बारा दिवसांचा अधिशयनकाळ लागतो. मग हा काळ कुणाचा? पिर्के यांचे उत्तर होते, हा काळ शरीराचा आहे. परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला शरीराला इतके दिवस लागतात. ती तयार झाली, की त्यांची आणि अजून रक्तात असलेल्या परक्या पदार्थाची गाठ पडते आणि या भेटीतूनच ताप, गांधी, सूज हे सारे उद्भवते. दुसऱ्या वेळी शरीर आधीच तयार असते, म्हणून विलंब लागत नाही.

याचा अर्थ असा होता, की ज्या प्रतिपिंडांना सारे वैद्यकविश्व रक्षणकर्ते मानत होते, तीच प्रतिपिंडे आजारही घडवू शकतात. १९०३ मध्ये पिर्के यांनी हा विचार एका टिपणात मांडून, लिफाफा मोहरबंद करून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेव म्हणून दिला. कल्पना आपली आहे याची नोंद राहावी आणि पुरावा जमेपर्यंत वादही टळावा, अशी ती जुनी रीत होती. पुढे १९०५ मध्ये पिर्के आणि शिक यांनी ‘सीरमरोग’ या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज शंभराहून अधिक वर्षांनीही त्यातील वर्णनात भर घालण्यासारखे थोडेच सापडते.

याच सुमारास फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांना तशाच एका कोड्याने घेरले होते. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावरील सफरीत त्यांनी समुद्रातील दंश करणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. परतल्यावर समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून त्यांना त्या विषाची सवय लावावी, असा त्यांचा बेत होता. झाले उलटेच. पहिली मात्रा सहज पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून मोठी नसलेली दुसरी मात्रा मिळताच काही मिनिटांत कोसळून मेला. रिशे यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. संरक्षणाच्या नेमके विरुद्ध, असा त्याचा आशय. या कार्यासाठी १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पिर्के यांना मात्र ‘विरुद्ध’ हा शब्दच मान्य नव्हता. त्यांच्या दृष्टीने संरक्षण आणि अपाय या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. परक्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीर पूर्वीसारखे राहत नाही, एवढेच निश्चित सांगता येते. पुढच्या भेटीत ते अधिक तीव्रतेने प्रतिसाद देईल, कमी तीव्रतेने देईल, लवकर देईल किंवा देणारच नाही. या सर्व बदलांना सामावून घेणारा, चांगले-वाईट असा कौल न देणारा एक तटस्थ शब्द त्यांना हवा होता. ग्रीक भाषेतील ‘अ‍ॅलॉस’ म्हणजे अन्य आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. या दोहोंतून त्यांनी ‘अ‍ॅलर्जी’ घडवला. बदललेली प्रतिक्रिया, इतकाच त्याचा अर्थ. लस घेतलेल्याला देवी येत नाही हीसुद्धा पिर्के यांच्या लेखी अ‍ॅलर्जीच, आणि सीरमने अंगावर गांधी उठतात हीसुद्धा अ‍ॅलर्जीच.

त्या दोन पानी लेखातली अ‍ॅलर्जेनांची यादी आज वाचताना थक्क व्हायला होते. सीरम आणि जंतू यांच्या पंक्तीला पिर्के यांनी गवताचे परागकण बसवले, ज्यांच्यामुळे पित्त उठते ती स्ट्रॉबेरी आणि खेकडा बसवला आणि डासांचे व मधमाश्यांचे विषही बसवले. कीटकांच्या दंशाने कुणाची संवेदनक्षमता वाढते, तर कुणाची कमी होते, हेही त्यांनी तिथेच नमूद केले. या एका निरीक्षणाचे मर्म उलगडायला पुढची अनेक दशके जावी लागली. १९४६ मध्ये केनेथ मेलनबी यांनी डासदंशाच्या प्रतिक्रियांचा क्रम मांडला. ज्याला आयुष्यात प्रथमच त्या जातीचा डास चावतो, त्याला काहीच होत नाही. पुढे काही दंशांनंतर दुसऱ्या दिवशी गाठ उठू लागते. मग चावताक्षणी गांधीही येते आणि नंतर गाठही. त्यानंतर फक्त तत्काळ येणारी गांधी उरते आणि पुष्कळ दंश सोसल्यावर तीही नाहीशी होते. एकाच डासाच्या एकाच लाळेला एकाच माणसाने आयुष्यात दिलेली ही निरनिराळी उत्तरे. पिर्के यांना ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दातून नेमके हेच सुचवायचे होते.

त्यांच्या नावाने पुढे घरोघरी पोचलेली दुसरी गोष्ट म्हणजे क्षयरोगाची त्वचाचाचणी. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयाच्या जंतूंपासून ट्यूबरक्युलिन नावाचे द्रव्य तयार केले आणि ते क्षयावरचे औषध आहे अशी आशा जगभर पसरली. ती आशा फोल ठरली, अनेक रुग्ण दगावले आणि ट्यूबरक्युलिनची अपकीर्ती झाली. पिर्के यांनी त्याच टाकाऊ ठरलेल्या द्रव्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. क्षयाचा जंतू ज्याच्या शरीरात एकदा शिरला आहे त्याची प्रतिक्रिया बदललेली असणार. मग ती बदललेली प्रतिक्रियाच निदानासाठी का वापरू नये? मुलाच्या हातावर बारीकसा ओरखडा काढायचा, त्यावर ट्यूबरक्युलिनचा थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे लाल गाठ उठते का ते पाहायचे. १९०७ मध्ये बर्लिन येथे वैद्यकांच्या सभेत त्यांनी ही चाचणी मांडली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांटू यांनी ओरखड्याऐवजी सुईने त्वचेत मोजून द्रव्य सोडण्याची सुधारणा केली. आपल्याकडे शहरांतल्या आणि खेड्यांतल्या बालरोगतज्ज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातावर केलेली ‘मांटू टेस्ट’ ती हीच. हातावर पेनाने गोल काढून घेऊन तीन दिवसांनी परत ये, असे ज्याला लहानपणी सांगितले गेले, त्याने नकळत पिर्के यांच्या विचाराचाच अनुभव घेतला आहे.

या चाचणीने व्हिएन्नाच्या गरीब वस्त्यांतले एक भयाण वास्तव उघडे पाडले. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही क्षयाचा संसर्ग झालेला होता आणि वयाबरोबर ते प्रमाण वाढत जात होते. म्हणजे क्षय हा प्रौढांचा रोग नसून त्याचे बीज बालपणीच पडते. आणखी एक सूक्ष्म निरीक्षण पिर्के यांनी १९०८ मध्ये नोंदवले. ट्यूबरक्युलिनला प्रतिसाद देणाऱ्या मुलाला गोवर आला, की काही दिवसांपुरती ती प्रतिक्रिया नाहीशी होते. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीलाच दुबळे करतो, हे आज सर्वमान्य सत्य आहे. त्याची पहिली खूण पिर्के यांनी एका ओरखड्यात वाचली होती.

१९०९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले. तिथून १९१० मध्ये ते ब्रेस्लाउला आले आणि एशेरिश यांच्या निधनानंतर १९११ मध्ये व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. वयाच्या ३७ व्या वर्षी ते मध्य युरोपातील सर्वांत मानाच्या बालरोगपीठावर बसले होते. हे रुग्णालय त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे घडवले. क्षयग्रस्त मुलांना मोकळी हवा व ऊन मिळावे म्हणून छपरावर वॉर्ड केला, परिचारिकांच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष दिले. वर्तनाच्या समस्या असलेल्या मुलांसाठी एर्विन लाझार यांच्या देखरेखीखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला तोही इथेच.

आणि मग १९१४ चे महायुद्ध आले. चार वर्षांनी साम्राज्य कोसळले तेव्हा व्हिएन्ना हे मोठ्या देशाची राजधानी राहिले नव्हते. एका छोट्या, उपाशी देशाचे ते अवजड डोके झाले होते. ना कोळसा, ना दूध, ना पीठ. मुलांच्या हाडांची पाटीपेन्सिल झाली होती. अमेरिकेने हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखाली १९१९ पासून मदतकार्य सुरू केले आणि ऑस्ट्रियातील मुलांच्या अन्नवाटपाची जबाबदारी पिर्के यांच्यावर आली. अन्न थोडे आणि खाणारी तोंडे लाखो. मग ते कुणाला, किती द्यायचे?

पिर्के यांनी हाही प्रश्न मोजमापाने सोडवला. कॅलरीचे गणित स्वयंपाकघरातल्या बाईला समजणार नाही, हे ओळखून त्यांनी आईचे एक ग्रॅम दूध हे अन्नाचे एकक धरले आणि त्याला ‘नेम’ असे नाव दिले. प्रत्येक पदार्थ किती दुधाच्या बरोबरीचा, हे मग सांगणे सोपे झाले. मूल किती उपाशी आहे हे ठरवण्यासाठी त्यांनी वजन आणि बसल्या स्थितीतली उंची यांचे एक गुणोत्तर काढले. डॉक्टरच्या दयेवर किंवा ओळखीपाळखीवर न विसंबता, त्या आकड्यावरून मुलाला जेवणाचा हक्क मिळे. या पद्धतीने लाखो मुलांच्या पोटात अन्न गेले. पुढे आहारशास्त्रात जीवनसत्त्वांचे महत्त्व प्रस्थापित झाल्यावर ‘नेम’ पद्धत मागे पडली हे खरे. पण त्या दुष्काळात तिने जे काम केले, ते कुठल्याही पारितोषिकाहून मोठे होते. नोबेल पारितोषिकासाठी पिर्के यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले गेले होते. ते त्यांना मिळाले नाही.

१९२० च्या दशकात पिर्के हे ऑस्ट्रियातील अत्यंत लोकप्रिय व्यक्तींपैकी एक होते. इतके, की १९२८ मध्ये देशाच्या अध्यक्षपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य सर्वार्थाने सफल वाटावे. घरात मात्र वेगळे चित्र होते. पत्नी मारिया हिच्याशी त्यांनी केलेला विवाह पिर्के घराण्याने मनापासून कधी स्वीकारला नाही. मूलबाळ झाले नाही. मारिया दीर्घकाळ मानसिक व्याधीने आणि झोपेच्या औषधांच्या विळख्याने ग्रासलेली होती. परक्यांच्या लाखो मुलांची काळजी वाहणारा हा माणूस घरी परतल्यावर त्या आजारापुढे असहाय होता. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पिर्के पती-पत्नींनी विष घेऊन एकत्र जीवनयात्रा संपवली. तेव्हा पिर्के यांचे वय अवघे ५४ वर्षांचे होते. व्हिएन्ना हळहळली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली, पण निश्चित उत्तर मिळाले नाही. अखेरच्या वर्षांत ते वय आणि रोग यांच्या संबंधाची आकडेवारी जुळवीत होते. त्यातला कर्करोगविषयक ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचा शब्द तोवर त्यांच्या हातून निसटला होता. संरक्षण आणि अपाय या दोहोंना कवेत घेणारी ‘अ‍ॅलर्जी’ हळूहळू फक्त अपायापुरती उरली. विरोधकांचे म्हणणे असे, की संरक्षण करणारी प्रतिपिंडे आजार कसा घडवतील? याचे उत्तर मिळण्यास अर्धे शतक जावे लागले. १९२१ मध्ये ब्रेस्लाउ येथे कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांचे सीरम स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच प्राउस्निट्झ यांच्या अंगावर गांधी उठली. रक्तातून उसना घेता येणारा असा काही घटक आहे, हे सिद्ध झाले. तो घटक हाती लागला तो १९६६-६७ मध्ये, अमेरिकेतील इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांच्या स्वतंत्र संशोधनातून. हा प्रतिपिंडाचाच एक प्रकार निघाला आणि १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ असे नाव मिळाले. पिर्के यांचा तर्क बरोबर होता. रक्षण करणाऱ्या कुळातलेच एक प्रतिपिंड अपाय घडवीत होते.

घरातल्या धुळीचे कोडेही याच दशकात सुटले. धुळीने दमा उसळतो हे १९२१ मध्ये अमेरिकेतील केर्न यांनी दाखवले होते आणि बिछान्यातील सूक्ष्म किड्यांवर संशय १९२८ मध्येच जर्मनीतील डेकर यांनी घेतला होता. पण १९६४ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पिक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुळीतला खरा गुन्हेगार पकडला. हा कीटकही नव्हे. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा हा जीव गादी, उशी, सतरंजी यांत राहतो आणि आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. तो चावत नाही, रोग पसरवत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. १९८० मध्ये वेगळे काढण्यात आलेले त्यातले प्रमुख प्रथिन हे एक पाचकद्रव्य आहे आणि श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींचे सांधे ते सैल करते. एकदा ते आत शिरले, की ज्यांची प्रकृती त्या वळणाची आहे, त्यांच्या शरीरात आयजीई तयार होते आणि श्वासमार्गातल्या विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी गादी झटकली, की काही मिनिटांत हिस्टामीन सुटते. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर सुरू होते. पहिल्या भेटीत शांत राहिलेले शरीर पुढे उसळते, हा पिर्के यांनी सीरमच्या रुग्णांत मोजलेला क्रम इथेही आहे.

झुरळांची कहाणीही अशीच. त्यांच्या विष्ठेतील व अंगावरील प्रथिनांची अ‍ॅलर्जी १९६४ मध्ये प्रथम पद्धतशीरपणे नोंदली गेली. १९९७ मध्ये अमेरिकेतील महानगरांच्या गरीब वस्त्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले, की ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंश अधिक होते, त्या मुलांचा दमा सर्वांत जास्त बळावत होता. आणखी एक मौजेची गोष्ट अशी, की कोळंबी-खेकड्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतल्या या किड्याच्या आणि झुरळाच्या त्याच प्रथिनाशी बरेचसे जुळते. त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना दुसऱ्याचाही त्रास होतो. पिर्के यांनी १९०६ च्या यादीत खेकडा आणि कीटक यांना एकत्र बसवले, तेव्हा त्यांना या नात्याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी या किड्याची ओळख अवश्य करून घ्यावी. तो पाणी पीत नाही. हवेतला ओलावा शोषून जगतो आणि हवा बराच काळ कोरडी राहिली तर मरतो. म्हणूनच पावसाळ्यातील बंद खोल्या, कुबट गाद्या आणि जाड पडदे त्याला मानवतात. गाद्या-उशांना घट्ट विणीची आवरणे, अंथरुणे-पांघरुणे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, खोलीतली ओल घालवणे आणि स्वयंपाकघरात उष्टे-खरकटे न ठेवणे हे उपाय साधे वाटले तरी त्यामागे शास्त्र आहे. अर्थात दमा असलेल्याने केवळ सफाईवर विसंबून डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत.

उपचारांतही पिर्के यांचा मूळ अर्थ पुन्हा जागा झालेला दिसतो. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांचा अर्क थोडा थोडा टोचून गवतज्वराची तीव्रता कमी करता येते, असे दाखवले. त्याच तत्त्वावर पुढे धुळीतील किड्यांच्या अर्काचे उपचार आले. मधमाश्यांच्या दंशाने ज्यांचा जीव धोक्यात येतो, अशांना त्या विषाच्याच वाढत्या मात्रा देऊन वाचवता येते, हे १९७८ मध्ये निर्णायकपणे सिद्ध झाले, तेही पिर्के जिथे प्राध्यापक होते त्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. म्हणजे शरीराची एकदा बदललेली प्रतिक्रिया पुन्हा बदलता येते. अपायाची वाट आणि संरक्षणाची वाट एकाच रस्त्याच्या दोन दिशा आहेत, हे पिर्के यांचे म्हणणे होते.

ऑस्ट्रियाने २०१० मध्ये आपल्या थोर वैद्यांच्या नाणेमालिकेत पिर्के यांच्या नावाचे सुवर्णनाणे काढले. जगाच्या इतर भागांत मात्र हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांनी दिलेला शब्द मात्र दिवसातून कितीदा तरी आपल्या तोंडी येतो. आजारी मुलांच्या खाटेशी उभे राहून, तापाचे तक्ते आणि दिवसांचे आकडे जुळवीत त्यांनी शोधलेले सत्य असे, की औषध, अन्न, धूळ किंवा डास यांच्याइतकेच महत्त्व त्यांना सामोरे जाणाऱ्या शरीराच्या पूर्वेतिहासाला आहे.